फ्लिट : स्कॉट्स भाषेतलं बिऱ्हाड हलवणं – वारंवार विचारले जाणारे प्रश्न

स्कॉटलंडमध्ये राहायला आलेली मराठी मंडळी, इथे यायच्या तयारीत असलेले विद्यार्थी आणि शब्दांच्या मुळाशी जायची खोड असलेले वाचक, या सगळ्यांकडून या एका क्रियापदाबद्दल सारखी विचारणा होत असते. एकेकाला वेगळं उत्तर लिहिण्यापेक्षा सगळं इथे एकत्र देतो आहे. आधी सोपे प्रश्न, मग आडवळणाचे. एका उत्तरातली गोष्ट दुसरीकडे लागत असेल तिथे क्रमांक दिला आहे.

१. शेजारच्या आजी म्हणाल्या, ‘वुई आर फ्लिटिन.’ म्हणजे त्या नेमकं काय करणार आहेत?

घर बदलणार आहेत. एका घरातून सामानसुमानासकट निघून दुसऱ्या घरात राहायला जाणं म्हणजे ‘फ्लिट’. मराठीत याला ‘बिऱ्हाड हलवणं’ हा तयार शब्द आहे आणि तो जवळजवळ चपखल बसतो.

एक गोष्ट सुरुवातीलाच धरून ठेवा. मराठीत ‘जाणं’ वेगळं आणि ‘नेणं’ वेगळं. फ्लिट वरून ‘जाणं’ दिसतं, पण त्याचा गाभा ‘नेण्याचा’ आहे. नुसता माणूस गेला तर फ्लिट होत नाही. गाद्या, भांडी, कपाट, घड्याळ असं काहीतरी त्याच्याबरोबर जावं लागतं. पुढचे निम्मे प्रश्न एवढ्यावरच सुटतात.

२. ही भाषा कुठली? इंग्रजीची बोली की गेलिक?

गेलिक तर नाहीच. गेलिक ही केल्टिक कुळातली, आयरिशची बहीण. स्कॉट्स ही जर्मानिक कुळातली, जुन्या इंग्रजीच्या उत्तरेकडच्या रूपातून वाढलेली, म्हणजे आजच्या इंग्रजीची बहीण. सखल प्रदेश, ईशान्य किनारा, ऑर्कनी, शेटलंड हे तिचे मुलूख, आणि सतराव्या शतकात स्थलांतरितांबरोबर ती उत्तर आयर्लंडातही गेली. २०२२च्या जनगणनेत सुमारे १५ लाख लोकांनी आपल्याला स्कॉट्स बोलता येते असं नोंदवलं आणि २०२५मध्ये स्कॉटलंडच्या संसदेने कायदा करून गेलिकसोबत तिलाही अधिकृत दर्जा दिला.

‘भाषा की बोली’ हा वाद तिथेही जोरात चालतो. मराठी-कोकणीचा वाद ऐकत वाढलेल्यांना त्यातले मुद्दे नव्याने सांगायला नकोत.

३. आम्ही शाळेत फ्लिट म्हणजे ‘भिरभिरणे’ असं शिकलो. फुलपाखरू या फुलावरून त्या फुलावर करतं ते. मग घर बदलणं कुठून आलं?

दोन्ही अर्थ एकाच शब्दाचे आहेत. उत्तरेकडच्या लोकांनी ‘सामान घेऊन ठिकाण बदलणं’ हा जुना अर्थ जपला. प्रमाण इंग्रजीत ‘ठिकाण बदलणं’ तेवढं उरलं, सामान गळून पडलं, आणि मग हलकेपणा, चपळपणा त्याला चिकटला. म्हणून इंग्रजीतला फ्लिट वटवाघळाचा आणि स्कॉट्समधला फ्लिट कपाट उचलणाऱ्या चार माणसांचा. घाम कोणाला येतो यावरून अर्थ ओळखावा.

घर बदलण्याचा अर्थ फक्त स्कॉटलंडचाच नाही. यॉर्कशर, लँकशर, कंब्रिया अशा उत्तर इंग्लंडच्या भागांतही तो आहे. स्कॉटलंडमध्ये मात्र त्याभोवती कायदा, तारखा, म्हणी असं सगळं जमलं, म्हणून हे पान स्कॉटलंडबद्दल.

४. शब्दाचं मूळ काय? संस्कृतशी काही नातं लागतं का?

मूळ जुन्या नॉर्स भाषेत, म्हणजे व्हायकिंग लोकांच्या भाषेत. तिथे ‘फ्लित्या’ म्हणजे वाहून नेणं, पोचवणं. आजही डॅनिश-नॉर्वेजियनमध्ये ‘फ्लुट्ट’सारखा आणि स्वीडिशमध्ये ‘फ्लुत्ता’ असा उच्चार होणारं हेच क्रियापद घर बदलण्यासाठी रोज वापरतात. ओस्लोतला माणूस एडिंबरात आला आणि ‘फ्लिटिन’ ऐकलं, तर त्याला कोशाची गरज पडत नाही.

संस्कृतशी नातं आहे, पण लांबचं. नॉर्स शब्दामागचा धातू वाहणं-तरंगणं या अर्थाचा आहे. इंग्रजीतले ‘फ्लोट’, ‘फ्लीट’, ‘फ्लो’ त्याच घरातले. संस्कृतातला ‘प्लु’ धातू याच आदिम मुळाचा. त्यावरून प्लवन, प्लुत, विप्लव आले, आणि विज्ञानाच्या पुस्तकातलं ‘प्लावक बल’ही. यावरून ‘व्हायकिंग संस्कृत बोलत होते’ असे निष्कर्ष कृपया काढू नयेत. असे संदेश मला येतात, म्हणून सांगतो.

५. वाक्यात चालवायचा कसा? भूतकाळ काय?

चालू क्रियेला ‘फ्लिटिन’, भूतकाळाला ‘फ्लिटिट’. स्कॉट्समध्ये पुष्कळ क्रियापदांचा भूतकाळ ‘-इट’ लावून होतो. ‘आम्ही फाइफला राहायला गेलो’ हे ‘वी फ्लिटिट टे फाइफ’. ‘उद्या घर बदलतोय’ हे ‘आम फ्लिटिन द मॉर्न’. इथे ‘द मॉर्न’ म्हणजे उद्या, सकाळ नव्हे. यात गफलत करून भल्या पहाटे मदतीला जाऊन उभे राहू नका.

क्रियापद अकर्मकही चालतं, सकर्मकही. ‘आम्ही फ्लिट झालो’ आणि ‘त्यांनी आम्हाला फ्लिट केलं’, म्हणजे आमचं सामान हलवून दिलं, अशी दोन्ही वाक्यं बरोबर. सतत घरं बदलणाऱ्याला ‘फ्लिटर’ म्हणतात. ‘विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर’ असा माणूस.

६. ‘द फ्लिटिन’ असं नामही ऐकलं. ते म्हणजे घर बदलण्याची क्रिया, की आणखी काही?

दोन्ही. क्रिया तर आहेच, शिवाय हलवलं जाणारं सगळं सामान मिळूनही ‘द फ्लिटिन’. ‘फ्लिटिन गाडीवर चढलं’ म्हणजे पलंग, टेबल, भांडी, कोळशाची बादली सगळं गाडीवर चढलं. आपल्याकडे बिऱ्हाड या शब्दाचं असंच आहे. बिऱ्हाड म्हणजे राहण्याची जागा, संसारही, आणि ‘बिऱ्हाड ट्रकमध्ये भरलं’ म्हटलं की सामानही. भाषांतर करताना दर वेळी वेगळा शब्द शोधायची गरज पडत नाही ती त्यामुळे.

७. सरळ ‘शिफ्ट झालो’ म्हटलं तर चालणार नाही का? आपण तर तेच म्हणतो.

मराठीत खुशाल म्हणा. स्कॉट्समध्ये जपून. तिथे ‘शिफ्ट’ करणं म्हणजे अंगावरचे कपडे बदलणं असाही जुना, रुळलेला अर्थ आहे. जुन्या वळणाच्या माणसाला ‘मी शनिवारी शिफ्ट करणार’ असं सांगितलंत तर तो म्हणेल, बरं, पण रोज का नाही?

याच्या जोडीचा शब्द ‘स्टे’. स्कॉटलंडमध्ये ‘व्हॉर डी ये स्टे?’ म्हणजे ‘तू राहतोस कुठे?’ कायमचा पत्ता विचारताहेत, हॉटेल नव्हे. भारतातल्या इंग्रजीतही आपण ‘स्टे’ असाच वापरतो, त्यामुळे मराठी माणूस इथे अडखळत नाही. लंडनहून आलेला अडखळतो.

८. ‘फ्लिटिंग डे’ म्हणजे काय? एकाच दिवशी अख्खं गाव घर बदलायचं हे खरं का?

अख्खं गाव नाही, पण गावाचा मोठा भाग, हो.

एकोणिसाव्या शतकात स्कॉटलंडच्या शहरांत घरं वर्षाच्या कराराने भाड्याने मिळत आणि बहुतेक सगळे करार एकाच दिवशी संपत. तो दिवस व्हिट्सनडे या ख्रिस्ती सणाच्या मुदतीचा, मे महिन्यातला. एडिंबरात पद्धत अशी की कँडलमसला, म्हणजे २ फेब्रुवारीच्या सुमारास, पुढचं वर्ष राहणार की सोडणार हे ठरायचं. सोडणार म्हटलं की खिडकीवर ‘भाड्याने देणे आहे’ची पाटी लागे. मग वसंतभर लोक एकमेकांची घरं बघत हिंडत: चूल कशी आहे, भिंतीला ओल आहे का, वरच्या मजल्यावर कोण राहतं. सगळं जुळलं की सगळ्यांची नजर मेच्या त्या तारखेवर.

खरी गंमत, किंवा खरा वैताग, त्या दिवशी. एका कुटुंबाने घर खाली केल्याशिवाय दुसऱ्याला आत शिरता येत नाही, आणि ते पहिलं कुटुंब जिथे जाणार तिथलंही कोणी अजून निघालेलं नसतं. सगळी साखळी एकमेकांत अडकलेली. दगडी इमारतींच्या अरुंद, गोल फिरणाऱ्या जिन्यात खाली येणारं एकाचं कपाट आणि वर चढणारा दुसऱ्याचा पलंग समोरासमोर यायचे. रस्त्यावर हातगाड्या, घोडागाड्या, आणि फुटपाथवर उघड्यावर मांडलेला संसार. ज्यांच्या घरातल्या फाटक्या गाद्या वर्षभर कोणी पाहिल्या नव्हत्या, त्या गल्लीभर दिसायच्या. एडिंबराचे लेखक-प्रकाशक रॉबर्ट चेंबर्स यांनी १८६०च्या दशकात या दिवसाबद्दल सविस्तर लिहून ठेवलं आहे. ते तारीख २५ मे देतात, म्हणजे जुन्या पंचांगाच्या हिशोबातली व्हिट्सनडे.

हे बंद कसं झालं? एका झटक्यात नाही. १९११च्या कायद्याने छोट्या भाड्याच्या घरांना वर्षाच्या बंधनातून सोडवून महिन्याच्या मुदतीवर आणलं. १९१५मध्ये ग्लासगोत, गव्हन भागात मेरी बार्बर आणि इतर बायकांनी भाडेवाढीविरुद्ध भाडं न भरण्याचा लढा उभारला आणि त्या वर्षाच्या अखेरीस भाडेनियंत्रणाचा कायदा आला. भाडं गोठलं की माणूस घराला धरून बसतो. मुंबईत पागडीच्या खोल्यांचं काय झालं ते आपण पाहिलंच आहे. आज तर स्कॉटलंडमध्ये १ डिसेंबर २०१७पासूनच्या नव्या खासगी भाडेकरारांना शेवटची तारीखच नसते. भाडेकरूने २८ दिवसांची नोटीस दिली की तो मोकळा. त्यामुळे फ्लिट राहिला, फ्लिटिंग डे गेला.

९. व्हिट्सनडे तर ईस्टरनुसार दरवर्षी सरकतो. मग कुठे १५ मे, कुठे २५, कुठे २८ मे असं का वाचायला मिळतं?

कारण चर्चचा व्हिट्सनडे वेगळा आणि कायद्याचा वेगळा. चर्चचा ईस्टरनंतर सातव्या रविवारी येतो, म्हणून सरकतो. भाडी, पगार, करार यांना सरकती तारीख परवडत नाही, म्हणून स्कॉटलंडच्या कायद्याने व्हिट्सनडे १५ मेला बांधून टाकला. नाव ‘संडे’, पण वार कुठलाही.

१७५२मध्ये ब्रिटनने पंचांग बदललं तेव्हा ११ दिवस गळाले. लोकांनी घर बदलणं मात्र पुष्कळ ठिकाणी जुन्या हिशोबानेच चालू ठेवलं, म्हणजे मेच्या अखेरच्या आठवड्यात. कागदावर एक तारीख आणि रस्त्यावर दुसरी, असा हा प्रकार. १८८६च्या कायद्याने त्यावर तोडगा काढला: मुदत १५ मेलाच, पण घर सोडायचं ते २८ मेला दुपारी १२ वाजता, आणि हिवाळ्याची मार्टिनमसची मुदत ११ नोव्हेंबरला, घर सोडायचं २८ नोव्हेंबरला. शेवटी १९९०च्या कायद्याने वर्षातल्या चारही तिमाही मुदती २८ तारखेवर आणल्या: फेब्रुवारी, मे, ऑगस्ट, नोव्हेंबर. जुनं पत्र किंवा खानेसुमारी वाचताना तारीख जुळत नसेल तर आधी साल पाहा.

१०. शेतमजुरांचंही असंच होतं का?

त्यांचं जास्तच. शहरातला भाडेकरू निदान स्वतः ठरवून घर सोडायचा. शेतावरच्या माणसाचं घर नोकरीबरोबर मिळायचं आणि नोकरीबरोबरच जायचं. आग्नेयेकडे, लोदियन आणि बॉर्डर्स भागात, लग्न झालेले नांगरे वर्षाच्या बोलीवर राहत. मजुरीचा काही भाग ओटमील, बटाटे, गाय चारण्याची सोय अशा वस्तूंत मिळे. मुदत जवळ आली की मालक विचारायचा, ‘राहणार ना?’ याला ‘स्पीकिंग’ म्हणत. मालकाने विचारलंच नाही तर समजायचं की आपली इथली भाकरी संपली. काढून टाकतो असं कोणी तोंडाने म्हणत नसे.

मग मजूर भरतीच्या बाजारात जाऊन दुसरा मालक गाठायचा, आणि ठरल्या दिवशी नव्या मालकाच्या गाड्या सामान न्यायला यायच्या. कधी कधी नवं शेत दोन टेकड्या ओलांडून असायचं, तरी मुलांची शाळा बदलायची, कोंबड्या टोपल्यांत भरायच्या, परसात लावलेले बटाटे मागे सोडायचे.

ईशान्येला अविवाहित गडी सहा-सहा महिन्यांच्या बोलीवर राहत. त्यांचा सगळा संसार एका ‘किस्ट’मध्ये, म्हणजे लाकडी पेटीत मावायचा. एक पेटी गाडीवर चढवली की झालं फ्लिटिन.

स्कॉट्समध्ये लिहिणारा कवी रॉबर्ट बर्न्स याचं आयुष्यही याच तारखांवर हललं. १७७७मध्ये वडिलांबरोबर लॉखली आणि १७८८मध्ये एलिसलंड, हे दोन्ही शेतांचे पट्टे व्हिट्सनडेचे. १७९१मध्ये शेती सोडून डमफ्रीस गाठलं ते नोव्हेंबरात. त्याच्या चरित्रातल्या तारखा पाहिल्या की कवीचं मन आणि करार यांतलं कोण कोणाला हलवत होतं ते कळतं.

११. ‘मूनलाइट फ्लिट’ म्हणजे चांदण्यातली सहल का?

नाही हो! भाडं थकवून रातोरात सामानासकट पसार होणं म्हणजे मूनलाइट फ्लिट. गाशा गुंडाळणं, पोबारा करणं. हा वाक्प्रचार आता ब्रिटनभर कळतो. फ्लिट या शब्दाचा घराशी असलेला संबंध ज्यांना ठाऊक नाही, तेही तो वापरतात.

रात्रीच का, हे कळायला स्कॉटिश कायदा बघावा लागतो. भाडेकरूने घरात आणलेल्या सामानावर, भाड्याच्या वसुलीपुरता, घरमालकाचा आपोआप हक्क असे. कुठला कागद करावा लागत नसे. याला ‘हायपोथेक’ म्हणत. भाडं थकलं तर मालक कोर्टामार्फत ते सामान अडकवून विकायला लावू शके. कोणी आधीच हलवलं तर परत आणवण्याचा हुकूमही मिळवू शके. म्हणजे दिवसाढवळ्या खुर्ची उचलून बाहेर पडलात तर जिन्यातच प्रश्न. माणूस पळून गेल्याचं मालकाला तेवढं दुःख नसे, जेवढं पलंग गेल्याचं. इथेही मुद्दा ‘जाण्याचा’ नाही, ‘नेण्याचा’ आहे (प्र. १).

राहत्या घरांवरचा हा हक्क २००७च्या कायद्याने गेला. भाडं बुडवलं तर देणं मात्र तसंच डोक्यावर राहतं, तेव्हा ही माहिती सल्ला म्हणून वापरू नये.

१२. घर बदलायला कुठला वार वाईट मानतात?

शनिवार. ‘सॅटरडेज फ्लिट, शॉर्ट सिट’: शनिवारी बिऱ्हाड हलवलं तर त्या घरात फार दिवस टिकत नाही. सगळ्यांना सुट्टी शनिवारी आणि अपशकुनही शनिवारचाच, त्यामुळे हल्ली ही म्हण हसण्यावारी नेतात. पण एखाद्या आजीबाई शुक्रवारी रात्री एक खुर्ची किंवा किटली नव्या घरात नेऊन ठेवायला सांगतात आणि ‘सुरुवात कालच झाली’ म्हणतात. मुहूर्ताला कलशापुरतं जाऊन सामान सोयीने नेणाऱ्यांना ही पळवाट अनोळखी वाटू नये.

गेलिकमध्येही शनिवारच टाळतात. तिथे घर हलवण्याला ‘इमरिच’ म्हणतात आणि एक जुनी म्हण आहे: शनिवारी हलायचं तर उत्तरेकडे, सोमवारी हलायचं तर दक्षिणेकडे, माझ्यापाशी एकच कोकरू असलं, तरी मी सोमवारीच निघेन. स्कॉट्स आणि गेलिक भाषा म्हणून एकमेकींच्या जवळच्या कोणी नाहीत (प्र. २), पण वाराबाबत दोघींचं एकमत.

नव्या घरात मीठ आधी न्यायची चालही होती. बर्न्स आणि त्याची बायको जीन एलिसलंडच्या नव्या घरात शिरले तेव्हा पुढे मोलकरीण बायबल आणि त्यावर मिठाचं भांडं घेऊन चालली, अशी आठवण सांगितली जाते.

वारंवार घरं बदलण्याबद्दल म्हणीचं मत चांगलं नाही: मूर्खांना फ्लिटची हौस, शहाण्यांना बसण्याची. भाडेकरूंच्या देशात ही म्हण नक्की घरमालकाने केली असणार.

१३. शेतकरी गाय ‘फ्लिट’ करतो असं वाचलं. गाय घर बदलते का?

गाय नाही, तिचा खुंटा. दाव्याने बांधलेलं जनावर पोहोचेल तेवढं गोल कुरण खाऊन संपवतं. मग खुंटा उपटून पुढच्या हिरव्या तुकड्यावर ठोकायचा. हे काम म्हणजे जनावर, किंवा दावं, फ्लिट करणं.

बर्न्सने हाच अर्थ एका हळव्या जागी वापरला आहे. १७८६च्या त्याच्या पहिल्या संग्रहात म्हातारा शेतकरी नववर्षाच्या सकाळी आपल्या म्हाताऱ्या मॅगी घोडीशी बोलतो. आयुष्यभर दोघांनी बरोबर नांगर ओढला; आता, तो म्हणतो, मी जपून तुझं दावं फ्लिट करीन, राखून ठेवलेल्या चांगल्या गवताच्या पट्ट्यावर. इंग्रजी ‘भिरभिरणं’ डोक्यात ठेवून ही ओळ वाचली तर घोडी उडायला लागते. एका भाषांतरात मी ती उडालेली पाहिली आहे.

१४. शेटलंडच्या ‘फ्लिटबोट’चा याच्याशी संबंध आहे का?

थेट. फ्लिटबोट म्हणजे खोल पाण्यात थांबलेल्या आगबोटीतून माणसं आणि माल किनाऱ्यावर आणणारी मोठी उघडी होडी. ज्या बेटांवर धक्का नव्हता तिथे याशिवाय इलाज नव्हता. ‘अर्ल ऑफ झेटलंड’ नावाची बोट उत्तरेकडच्या बेटांना फेऱ्या मारी. ती येऊन थांबली की किनाऱ्यावरून फ्लिटबोट निघायची आणि त्यात पिठाची पोती, टपाल, पाहुणे, मेंढ्या असं सगळं उतरायचं. १९७०च्या दशकात मोटारी चढवता येणाऱ्या फेरीबोटी सुरू झाल्या आणि हा खटाटोप संपला. कोकणात बंदरात बोट लांब उभी राहायची आणि पडावातून उतारू आणावे लागत, ते आठवणाऱ्यांना चित्र काढून दाखवायला नको.

शेटलंडमध्ये जळणाचं पीट, म्हणजे दलदलीतून कापून वाळवलेली माती, टेकडीवरून तट्टांच्या पाठीवर लादून आणणं हेही ‘फ्लिट’. शेटलंड १४६९पर्यंत नॉर्वे-डेन्मार्कच्या राजाकडे होतं आणि त्यानंतरही तिथे बराच काळ नॉर्स बोलत, म्हणून ‘वाहून नेणं’ हा मूळ अर्थ तिथे सगळ्यात ताजा राहिला (प्र. ४).

१५. भुताची ती ‘आम्हीही फ्लिटिंग करतोय’ची गोष्ट काय आहे?

ही मुख्यतः उत्तर इंग्लंडची लोककथा. एका शेतकऱ्याच्या घरात खोडकर भूत राहायचं. भांडी फोडायचं, पांघरुणं ओढायचं. शेवटी कंटाळून कुटुंबाने सगळं सामान गाडीत भरलं. वाटेत शेजारी भेटला. ‘काय, फ्लिटिंग का?’ शेतकरी उत्तर द्यायच्या आत सामानातल्या लोणी घुसळायच्या पिंपातून आवाज आला, ‘होय, फ्लिटिंगच!’ शेतकऱ्याने गाडी वळवली. भूत येणारच असेल तर निदान जुन्या घरात तरी.

डेन्मार्कमध्ये हीच गोष्ट घरगुती बुटक्या ‘निस्स’बद्दल सांगतात आणि तोही सामानातून डोकं काढून म्हणतो, ‘आज आम्ही फ्लुट्ट करतोय.’ गोष्ट आणि क्रियापद दोन्ही समुद्राच्या दोन्ही काठांवर.

१६. आमच्या लहानपणी घरात ‘फ्लिट मारायचे’. पत्र्याचा पंप, ढेकूण-डासांसाठी. तो फ्लिट हाच का?

तो अमेरिकन कीटकनाशकाचं व्यापारी नाव. १९२३ साली बाजारात आला. नाव इतकं पसरलं की औषध कुठलंही असो, पंप मारला की ‘फ्लिट मारला’. स्कॉटलंडच्या बिऱ्हाडांशी त्याचा संबंध नाही. ढेकूण मात्र फ्लिटिनबरोबर नव्या घरी जायचे, हे दोन्हीकडे खरं.

१७. गँग, स्ट्राव्हेग, डॉनर, हर्पल हे पण ‘जाणे’च ना? यांच्यात फ्लिट कुठे बसतो?

‘गे’ किंवा ‘गँग’ म्हणजे साधं जाणं. ‘डॉनर’ म्हणजे रमतगमत फेरफटका. ‘स्ट्राव्हेग’ म्हणजे दिशा न ठरवता भटकणं. हा लॅटिनमधून आलेला. ‘हर्पल’ म्हणजे लंगडत चालणं. या सगळ्यांत चालणारा कसा चालतो ते महत्त्वाचं. फ्लिट त्या रांगेत बसत नाही, कारण तो चाल सांगत नाही, मुक्काम बदलला हे सांगतो. विमानाने गेलात तरी फ्लिट आणि जिन्याने वरच्या मजल्यावर गेलात तरी फ्लिट.

१८. मी एका बॅगेनिशी वसतिगृहातून दुसऱ्या वसतिगृहात गेलो. हा फ्लिट झाला का? ऑफिसचं काय? आणि घर सोडायला लावलं तर?

वसतिगृह: तिथला तुमचा मुक्काम मुळासकट उठून दुसरीकडे रुजला असेल तर हो. सामान किती याला किमान मर्यादा नाही, गड्याची एक पेटी चालायची (प्र. १०), तर तुमची बॅगही चालेल. सुट्टीत दोन आठवडे मित्राकडे राहिलात तर नाही.

ऑफिस, दुकान, चर्च: लोक म्हणतात, पण त्यात थोडी घरगुती थट्टा असते. सरकारी पत्रात तो शब्द सापडणार नाही.

घर सोडायला लावलं: इथे जरा सांभाळून. फ्लिट हा शब्द राजीखुशीचा की जबरदस्तीचा, हे स्वतःहून सांगत नाही. मालकाने ‘न विचारल्यामुळे’ निघालेला नांगऱ्याही फ्लिटच करायचा. पण हायलंड्समध्ये, म्हणजे स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या डोंगराळ भागात, एकोणिसाव्या शतकात मेंढ्यांसाठी कुळांना हुसकावलं, सदरलंडच्या स्ट्राथनेव्हर खोऱ्यात घरांची छपरं जाळली, त्याला फ्लिट म्हणणं मला पटत नाही. ते लोक गेलिक बोलणारे होते, शब्द त्यांचा नव्हता. आणि फ्लिटमध्ये पुढचं घर ठरलेलं असतं, ते त्यांच्यापैकी अनेकांना नव्हतं. मराठीत लिहिताना तिथे ‘बिऱ्हाड हलवलं’ न लिहिता ‘घरादारावरून उठवलं’ असंच लिहावं.

१९. मी हा शब्द वापरला तर लोक हसतील का?

हसतील, पण आनंदाने. हा कोशात पडून राहिलेला शब्द नाही. ज्यांना आपण स्कॉट्स बोलतो असं वाटतही नाही, तेही बोलता बोलता ‘फ्लिटिन’ म्हणून जातात. घरमालकाला लेखी नोटीस देताना मात्र साधं इंग्रजी वापरा आणि तारीख स्पष्ट लिहा. आणि मित्राने ‘शनिवारी फ्लिटिन आहे, येशील का?’ असं विचारलं, तर ते जेवणाचं आमंत्रण नाही. जुने कपडे घालून जा. कपाट तिसऱ्या मजल्यावर न्यायचं असतं.